बुधाचा जप

नवग्रहशांतीत बुधाच्या वाट्याला जी ऋचा येते, तिच्यात बुध कुठेच नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या पंधराव्या अध्यायातली ती ऋचा अग्नीशी बोलते. जागा हो, यजमानाला साथ दे, देवांनी आणि यजमानाने एकत्र बसावे, असे तिचे मागणे. याज्ञवल्क्यस्मृतीने आचाराध्यायात नऊ ग्रहांना वैदिक मंत्र वाटून दिले, तेव्हा ही ऋचा बुधाकडे आली, कारण तिच्या पहिल्याच पदात ‘बुध्’ कानावर पडतो. शनीला याच न्यायाने जलदेवतांची ऋचा मिळाली, कारण तिचा आरंभ ‘शं’ने होतो. ग्रहपूजा रूढ होत होती आणि वेदांत तिच्यासाठी वेगळे मंत्र नव्हते. जे होते त्यांतून कानाने निवड केली. ही निवड सुंदर आहे. बुद्धी आणि वाणी यांच्या देवापुढे म्हणायचे शब्द जागे होण्याचे असावेत, हे अर्थाच्या आधी ध्वनीनेच ठरवून टाकले.

घरोघरी पोहोचला तो मात्र दुसरा मंत्र. व्यासांच्या नावावर असलेल्या नवग्रहस्तोत्रातला बुधाचा श्लोक चौथा, मंगळाच्या मागून येणारा. दिवेलागणीला शुभंकरोति आणि रामरक्षा यांच्या जोडीने नवग्रहस्तोत्र म्हणणाऱ्या घरांत तो मुलांना अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी पाठ होतो. त्यात बुधाचा वर्ण प्रियंगूच्या कळीसारखा सावळा आहे. मत्स्यपुराणातला बुध पिवळी वस्त्रे नेसून, हातांत ढाल, तलवार आणि गदा घेऊन सिंहावर बसतो. ज्योतिषी आज ज्याची दाने सांगतात तो बुध हिरवा: हिरवे मूग, हिरवे वस्त्र, पाचू. तीन काळांनी त्याला तीन रंग दिले आणि परंपरेने तिन्ही जपले. तिसरा मंत्र तांत्रिक वळणाचा: ब्रां, ब्रीं, ब्रौं ही बीजे, मग सः, आणि शेवटी चतुर्थीतले बुधाचे नाव व नमस्कार. जपासाठी बहुधा हाच सांगितला जातो. तो आखूड आहे आणि एका श्वासात सहज मावतो.

बुधाकडे मागायचे काय, याचे नेमके उत्तर वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहज्जातकात दिले. त्याच्या वाटणीत सूर्य हा आत्मा, चंद्र हे मन, बुध ही वाणी, गुरू हे ज्ञान आणि सुख. मन स्वच्छ व्हावे म्हणून बुधाचा जप करणाऱ्याने ही वाटणी लक्षात घ्यावी; मनाचे खाते चंद्राचे आहे. पण बुध चंद्राचाच मुलगा. वाणी मनाच्या पोटी जन्मते, हे त्या वंशावळीत बसवलेले आहे. पाणिनीय शिक्षेत हाच क्रम शरीराच्या भाषेत येतो: आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ गोळा करतो, बोलण्याच्या इच्छेने मनाला कामाला लावतो, मन शरीरातल्या अग्नीला ढोसते, अग्नी वायूला हलवतो, वायू छातीतून वर चढून टाळूवर आदळतो आणि मुखात येऊन वर्ण होतो. एक शब्द उच्चारण्यामागे एवढी यातायात आहे हे ज्यांना जाणवले, त्यांनी वाणीला ग्रह मानले यात नवल नाही.

बुधाच्या जन्माची कथाही बोलण्या-न बोलण्याचीच. चंद्राने बृहस्पतीची पत्नी तारा पळवली, त्यावरून देवदानवांचे युद्ध झाले, ब्रह्मदेवाने तिला परत आणवले, तोवर ती गरोदर होती. मूल कुणाचे, हे देव विचारत राहिले. तारा लाजेने गप्प. विष्णुपुराणात तेव्हा ते नुकते जन्मलेले बाळच रागावते आणि उत्तर द्यायला इतका उशीर लावणाऱ्या आईला शाप द्यायला निघते. ब्रह्मदेव त्याला आवरतो, पुन्हा विचारतो, आणि तारा एका शब्दात चंद्राचे नाव घेते. वाणीच्या देवाचे पहिले बोलणे कठोर होते. त्याच्या जपाला सौम्यपणाची ओढ का आहे, याचा एक धागा इथेही सापडतो.

महाराष्ट्रातल्या बायकांनी मात्र हे सगळे बाजूला ठेवून बुधाला स्वतःच्या पद्धतीने घरात घेतले. श्रावणात देवघराजवळ जिवतीचा कागद लागतो. त्यावर नरसिंह, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, मुलाबाळांत बसलेल्या जरा-जिवंतिका, आणि खाली हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. पुराणात ज्यांच्या नात्याचा उलगडा ताराच्या एका शब्दावर अडला होता, ते दोघे इथे एका चौकटीत शेजारी आहेत. त्यांची कहाणी बुधवारी आणि गुरुवारी हातात अक्षता घेऊन ऐकायची. राजाच्या घरी सात सुना. तिथे दोन मामाभाचे भिक्षेला येतात. सुना सांगतात, आमचे हात रिकामे नाहीत. रोज येणे आणि रोज हेच उत्तर. पुढे राज्य जाते, वैभव जाते, करायला काम उरत नाही आणि हात खरोखर रिकामे होतात. मामाभाचे पुन्हा दारात उभे. आता द्यायलाच काही नाही. थोरल्या सुना ‘असते तर दिले असते’ म्हणून मोकळ्या होतात. धाकटी पुढे होते, नमस्कार करते, होते तेव्हा दिले नाही ही चूक कबूल करते आणि उपाय विचारते.

उपाय विलक्षण साधा आहे. श्रावणातल्या बुधवारी आणि गुरुवारी ब्राह्मणाला जेवू घालावे. प्रवासाला गेलेला नवरा परत यायला हवा तर दारामागे दोन बाहुले काढावेत, पैसा हवा तर पेटीवर काढावेत, धान्य हवे तर कोठीवर, आणि मनोभावे पुजावेत. धाकटीला स्वप्न पडते, आपण चांदीच्या भांड्याने पंगतीत तूप वाढतो आहोत, जावा हसतात. तिकडे परदेशात हत्तीण तिच्या नवऱ्याच्या गळ्यात माळ घालते आणि तो राजा होतो. स्वप्न खरे होते.

या कहाणीत संस्कृतचा एक शब्दही उच्चारला जात नाही. नशीब फिरते ते दोन उत्तरांवर. पहिले उत्तर अर्धे खरे, टाळण्यापुरते आणि रोज तेच. ते इतक्यांदा म्हटले गेले की शेवटी उलटे होऊन अंगावर आले. दुसरे उत्तर एकदाच दिलेले, आणि त्यात लपवलेले काही नाही. बुधाची उपासना सांगणाऱ्या साहित्यात या कहाणीइतके शहाणे दुसरे काही मिळणे कठीण. गीतेच्या सतराव्या अध्यायातले वाणीचे तप हेच सांगते: कुणाला न दुखावणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे, आणि स्वाध्यायाचा सराव, ही सारी एकाच श्लोकात बसतात. माळ ओढून उठल्यावर घरच्या माणसाला तोडून बोलणाऱ्याचे तप निम्मेच झालेले असते.

जपाने शरीरात काय होते, याचे थोडे उत्तर मोजमापातून मिळते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर उतरला आणि हृदय व रक्तदाब यांच्या ठेक्यात मेळ आला. बुधाचा मंत्र तिथे नव्हता, पण त्याचीही लांबी एका श्वासाचीच. परीक्षेतले गुण किंवा मुलाखतीतले यश या अभ्यासातून निघत नाही, आणि तसे छापणाऱ्यांवर विसंबू नये. संथ श्वासावर बोलणारा माणूस वाक्य पुरे करतो, समोरच्याचेही पुरे होऊ देतो. एवढा लाभ थोडा नाही.

विधी थोडक्यात असा. आरंभ बुधवारी, सकाळी स्नानानंतर. संख्या सर्वत्र एक नाही. कुठे ४०००, कुठे ९०००. माळेत मणी १०८ असले तरी चुकलेमाकलेले सोडून हिशेबात १०० धरतात, म्हणून ९००० जपाला ९० माळा. मनुस्मृतीच्या मते मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप श्रेष्ठ, आणि मनातल्या मनात केलेला त्याहून श्रेष्ठ. नवख्याने तरी मोठ्यानेच म्हणावे, कारण ‘ब्र’चे जोडाक्षर ओठ आणि जीभ दोन्ही नीट लावल्याशिवाय उमटत नाही, आणि चूक ऐकू आली तरच सुधारते. जप पुरा झाल्यावर त्याच्या दशांशाने हवन, म्हणजे ९०० आहुती. समिधा आघाड्याच्या, श्रावणात जिवतीला दूर्वांबरोबर ज्याची माळ घालतात तोच हा आघाडा. हवनाच्या दशांशाने तर्पण ९०, मार्जन ९, आणि शेवटी निदान एका माणसाला जेवण.