आत्याच्या ओव्या आणि हार्ड डिस्क

रेकॉर्डिंग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायचं म्हणजे एक फाईल उचलायची आणि पेनड्राइव्हवर टाकायची, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं. माझे हाल मलाच ठाऊक!

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी पौडच्या घरी रेकॉर्ड करतेय. साफसफाई होते ती कोथरूडला, दादाच्या म्हणजे आत्याच्याच मुलाच्या कॉम्प्युटरवर. माझा लॅपटॉप म्हातारा, त्यावर ऑडॅसिटीही जुनी. जुन्या ऑडॅसिटीत प्रोजेक्ट म्हणजे एक छोटीशी फाईल आणि तिच्या शेजारी एक भलंमोठं डेटा फोल्डर. छोट्या फाईलमध्ये कुठला तुकडा कुठे लावलाय एवढंच असतं, आवाज सगळा त्या फोल्डरमध्ये. नुसती फाईल नेली तर पलीकडे शांतता! २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच फाईलमध्ये आलं. पण त्यात गंमत अशी की दादाच्या नव्या आवृत्तीत माझा प्रोजेक्ट उघडतो, त्याचा माझ्याकडे उघडत नाही. माहेरी परत यायची सोय नाही म्हणा ना. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल तो घेतच नाही. म्हणून परत येताना प्रत्येक ट्रॅक वेगळा, वेव्ह करून, सगळे शून्यापासून सुरू होणारे, असे हार्ड डिस्कवर आणते. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

दादाला हे सगळं फाजील वाटतं. "साफ केलेली एमपी३ घे की. आईचा खोकला कशाला सांभाळायचा?"

ओव्या जपायचं हे वेड मुळशीला नवं नाही, बरं का. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांना बरोबर घेऊन लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात आमच्या तालुक्यातल्या नांदगाव, कोळावड्याच्या बायकाही आहेत. नव्वदच्या दशकात बर्नार बेल आले आणि त्यांच्यामुळे १२० तासांहून जास्त आवाजही जमा झाला. सीडीच्या दर्ज्याने हिशेब केला तर साधारण ७६ जीबी, म्हणजे आज खिशात मावेल. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं ते. तेव्हापासून मीही प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल ठेवते: कोण गायलं, कुठल्या दिवशी, जातं फिरत होतं की नुसतंच म्हटलं. नाहीतर दहा वर्षांनी 'ऑडिओ ट्रॅक ३' कुणाची म्हणून ऐकायची?

असो. खोकल्याकडे येते.

श्रावणातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये आत्या खोकते, "थांब गं, पुढची आठवू दे" म्हणते, आणि एक ओवी अर्धी म्हणून सोडून देते. दादाच्या साफ प्रतीत हा अख्खा तुकडा गेला. त्याचं त्याच्या परीने बरोबरच होतं, ऐकणाऱ्याला अडखळणं नको असतं. परवा मी आत्याला त्या ओवीबद्दल विचारलं तर म्हणाली, "मी असं कधी म्हटलं?" मूळ वेव्ह लावून दाखवली. तिने हेडफोन दोन्ही हातांनी धरून तीनदा ऐकली. "आईची आहे," म्हणाली. माझी आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते.

पुढचा अर्धा काही तिला आठवेना.

दादाला फोन करून सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवसाचं सगळं पाठव, खोकल्यासकट."

धाकटी आत्या घोटवड्याला असते. तिला पुढचं येतं का बघायला रविवारी लॅपटॉप आणि हार्ड डिस्क घेऊन तिकडे जातेय.