सहमत असेलच असे नाही

आमच्या वाचनालयाचं त्रैमासिक छापणं परवडेनासं झालं, तेव्हा ते वेबसाइटवर न्यायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी संगणक शिकलेली नाही. सहकारी बँकेत नोकरी करते. पण कार्यकारिणीत पन्नाशीच्या आतली मी एकटीच, एवढी पात्रता सगळ्यांना पुरेशी वाटली. एका सभासदाच्या पुतण्याने वर्डप्रेसवर साइट बांधून दिली आणि लेख कसे चढवायचे ते मला दाखवलं.

पहिली काही वर्षं लिहिण्याच्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक मोठा पांढरा चौकोन, त्याच्या डोक्यावर ठळक, तिरपं, लिंक अशा बटणांची पट्टी. ज्याला वर्डमध्ये अर्ज टाइप करता येतो त्याला तिथे लेख चढवता येत होता. मग ६ डिसेंबर २०१८ला वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली. होस्टिंगवाल्यांनी ती यथावकाश आमच्या साइटवर चढवली आणि चौकोनाच्या जागी ब्लॉक एडिटर येऊन बसला. प्रकल्पाचं नाव गुटेनबर्ग. आता परिच्छेद हा एक ब्लॉक, मथळा दुसरा, चित्र तिसरा, अवतरण चौथा. प्रत्येकाची वेगळी चौकट, वेगळी बटणं आणि उजव्या बाजूला वेगळ्या सेटिंग्ज.

कल्पना वाईट नव्हती. जुन्या चौकोनात दोन रकाने पाडायचे तर चौकटी कंसात काहीतरी सांकेतिक शब्द लिहावे लागत, आणि प्रत्यक्षात काय दिसणार ते पान उघडल्यावरच कळे. तुकडे उचलून हव्या त्या जागी ठेवत पान बांधू देणाऱ्या विक्स, स्क्वेअरस्पेससारख्या सेवा तोवर लोकप्रिय झाल्या होत्या. मुखपृष्ठ बांधायला ब्लॉक सोयीचे आहेत, हे मी आजही म्हणते. अडलं ते लेखाशी.

आमच्याकडे मुद्रितशोधन सर करतात. सर म्हणजे गावातल्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, माझेही शिक्षक. त्रैमासिक खिळ्यांवर छापलं जायचं तेव्हापासून त्याची प्रुफं तेच तपासत आलेत. लेख ते आधी एका दमात वाचतात आणि मग तो कुठे अडखळतो ते शोधतात. बहुतेक लेख दोन परिच्छेदांच्या सांध्यात अडखळतात. लेखकाने पहिला परिच्छेद संपवताना सार सांगितलेलं असतं आणि दुसरा सुरू करताना तेच पुन्हा सांगितलेलं असतं. सर पहिल्याची शेवटची दोन वाक्यं आणि दुसऱ्याचं पहिलं वाक्य असा सलग तुकडा काढून टाकतात, आणि लेख वाहता होतो.

नव्या एडिटरमध्ये नेमकं हेच होईना. माउस पहिल्या परिच्छेदाच्या मध्यावर धरून खाली ओढला, की सांधा ओलांडताक्षणी दोन्ही परिच्छेद अख्खे निवडले जायचे. अर्ध्यापासून अर्ध्यापर्यंत निवडण्याची सोयच नव्हती, कारण यंत्राच्या लेखी ते दोन स्वतंत्र ठोकळे होते आणि त्यांच्यामधल्या जागेला काही अस्तित्व नव्हतं. सरांनी डिलीट दाबलं तेव्हा एका लेखाची दोन्ही परिच्छेदांसकट वाट लागली. कंट्रोल-झेडने ते परत आले, पण सरांचा विश्वास परत आला नाही. ही सोय पुढे ६.० आवृत्तीत मिळाली, मे २०२२मध्ये. म्हणजे मजकुराच्या एडिटरमध्ये मजकूर सलग निवडता यायला साडेतीन वर्षं लागली.

शिवाय ब्लॉकची बटणपट्टी. कर्सर ज्या परिच्छेदात असेल त्याच्या डोक्यावर ती तरंगते आणि वरच्या परिच्छेदाची शेवटची ओळ झाकते. सरांना नेमकी तीच ओळ वाचायची असते. पट्टी कायमची पानाच्या माथ्यावर नेऊन बसवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, तो मी लावून दिला. पण तो पर्याय आहे हे लेख तपासणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाला कळणार कसं, याचं उत्तर त्या सेटिंगमध्ये नाही.

सर एकदा वैतागून म्हणाले, “अगं, त्या गुटेनबर्गने लेखकाला खिळे जुळवायला बसवलं नव्हतं.”

चिडून बोलले, पण मला ते पटलं. छापखान्यात लेखक कागदावर हाताने लिहून देत असे. कंपोझिटर केसमधून खिळे उचलून ओळी जुळवत असे, त्याचं गॅली प्रूफ सरांकडे येत असे, आणि सगळ्या दुरुस्त्या झाल्यावरच पानं बांधली जात. मजकूर पक्का होईपर्यंत पानाची कुणाला चिंता नसे, आणि पान बांधताना मजकूर पुन्हा लिहायला कुणी बसत नसे. सरांच्या लाल शाईवर कंपोझिटर चरफडत, पण चरफडणारा आणि लिहिणारा ही माणसं दोन होती. ब्लॉक एडिटरने ती एकाच खुर्चीत बसवली. लिहिता लिहिता प्रत्येक एंटरला एक नवा ठोकळा तयार होतो आणि तो विचारत राहतो: माझा रंग कुठला, आकार किती, मला डावीकडे ठेवू की मधोमध? वाक्य डोक्यात असताना या प्रश्नांची उत्तरं कोण देत बसणार?

कथांची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या एक कथालेखिका संवाद अवतरणचिन्हांत लिहीत नाहीत. ओळीच्या सुरुवातीला छोटी आडवी रेघ देऊन लिहितात. मराठीत असं लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या कथालेखिकांनी एडिटरमध्ये रेघ देऊन स्पेस दाबली, की यंत्र समजे यांना यादी करायची आहे, आणि सासू-सुनेचं भांडण बुलेट लागून उभं राही. लगेच बॅकस्पेस दाबला तर रेघ परत मिळते, पण टाइप करताना नजर कीबोर्डवर असते, पडद्यावर नाही. गंमत म्हणजे इंग्रजी १, टिंब आणि स्पेस दिली की क्रमवार यादी सुरू होते. तेच देवनागरी आकड्याने केलं तर यंत्राला पत्ताच लागत नाही. आमच्या पाककृतीवाल्या मावशी देवनागरीतच आकडे घालतात. एडिटरच्या अतिहुशारीतून वाचलेल्या आमच्याकडे त्या एकट्याच.

कवितेला एंटर दाबला की प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद बनते आणि दोन ओळींमध्ये कडव्याएवढी जागा सुटते. शिफ्ट धरून एंटर दाबायचा असतो. त्यासाठी पद्याचा म्हणून खास ब्लॉकही आहे, पण आमच्या थीममध्ये त्याची अक्षरं टाइपरायटरी वळणाची दिसत आणि देवनागरी जोडाक्षरं त्यात ओढाताण झाल्यासारखी वाटत. शेवटी शिफ्ट-एंटर हेच सूत्र मी कवींना कळवलं. कवींनी ते पाळलं नाही.

मार्च २०२०च्या अखेरीस आलेल्या ५.४ आवृत्तीत एडिटर आपोआप पूर्ण पडदाभर उघडायला लागला. डावीकडची नेहमीची यादी नाहीशी झाली. बाहेर टाळेबंदी, सगळे घरात, वाचनालय बंद. लोकांकडे लेख लिहायला वेळच वेळ होता. सरांचा फोन आला, “अगं, साइट गेली वाटतं.” साइट जागेवर होती. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या डब्ल्यूवर टिचकी मारली की बाहेर पडता येतं, हे मी फोनवर समजावलं आणि पूर्ण पडदा बंद कसा करायचा तेही. पण ही आवडनिवड त्या काळी खात्यात नव्हे, ब्राउझरमध्ये साठवली जाई. नातवाने ब्राउझरची साफसफाई केली की पडदा पुन्हा पूर्ण, आणि सरांचा पुन्हा फोन. पुढे या निवडी वापरकर्त्याच्या खात्याला जोडल्या गेल्या तेव्हा ते फोन थांबले.

सगळ्यात मोठा घोळ मात्र एका ओळीने केला. आमच्या प्रत्येक लेखाखाली ‘लेखातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही’ ही ओळ असते. ती दरवेळी टाइप करायला नको म्हणून पुतण्याने तिचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा ब्लॉक करून ठेवला होता. अशा ब्लॉकची खुबी अशी, की तो एकाच जागी साठवलेला असतो. लेखात दिसते ती त्याची सावली. एका लेखात बदल करून जतन केलं, की सगळीकडे बदल होतो. मावशी आळूवडीची कृती चढवत होत्या. खाली ही ओळ दिसली. त्यांना वाटलं, आळूवडीशी असहमत व्हायला संपादक मंडळ कोण? त्यांनी ओळ खोडून लिहिलं, ‘ही कृती मी स्वतः करून पाहिली आहे.’ आणि जतन केलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पाणीप्रश्नावरच्या लेखाखाली, दासबोधावरच्या लेखाखाली आणि एका ज्येष्ठ सभासदाच्या श्रद्धांजलीखालीही तेच वाक्य होतं. अध्यक्षांनी मला बँकेत फोन केला. जतन करताना यंत्राने मावशींना विचारलं होतं म्हणे, पण ते त्याच्या भाषेत: आणखी एका गोष्टीत बदल झाला आहे, जतन करायचा का? मावशी म्हणाल्या, “अगं, बदल मीच केला होता, मग हो नाही म्हणायचं तर काय?” यात मावशींचं काय चुकलं, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. ऑगस्ट २०२३च्या ६.३ आवृत्तीत या ब्लॉकचं नाव बदललं. ही ओळ आता आम्ही थीममधूनच आपोआप लावून घेतो. एडिटरमध्ये ती कुणाला दिसतच नाही.

ब्लॉक मोडतात, हेही कळलं. पुतण्याने ठळक अवतरणांसाठी एका कंपनीचं जादा ब्लॉकचं पॅकेज बसवलं होतं. ते बंद पडलं आणि काढून टाकावं लागलं. त्यानंतर जुने लेख दुरुस्तीसाठी उघडले की अवतरणाच्या जागी राखाडी डबा आणि त्यात सूचना. पुतण्याने कारण समजावलं. डेटाबेसमध्ये लेख एकसलगच असतो. प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर एक लपलेली खूण असते, इथून अमुक ब्लॉक सुरू, इथे संपला. लेख उघडताना एडिटर त्या खुणेवरून ब्लॉक नव्याने बनवून पाहतो आणि साठवलेल्या मजकुराशी ताडतो. जुळलं नाही तर म्हणतो, यात अनपेक्षित मजकूर आहे. आणि त्या खुणेचा धनीच नाहीसा झाला असेल, तर त्याला हा ब्लॉक ओळखताच येत नाही. वाचकाला साइटवर अवतरण व्यवस्थित दिसत होतं. ते दुरुस्त मात्र करता येत नव्हतं. त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ सरांना रोज खुपत होतं.

हे सगळं आमच्याच वाट्याला आलं असं नाही. ५.० येण्याआधीच ऑक्टोबर २०१८मध्ये वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रिअन रीटव्हेल्ड यांनी राजीनामा दिला होता. स्क्रीन रीडर आणि कीबोर्डवर विसंबणाऱ्यांसाठी हा एडिटर तयार झालेला नाही, हा त्या वादाचा गाभा होता. आमच्याकडे दृष्टिहीन असलेले एक स्तंभलेखक आहेत. ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. त्यांनी एडिटर एकदा ऐकून पाहिला आणि सांगितलं, मी नोटपॅडमध्ये लिहून मेल करत जाईन. काहींनी ४.९ आवृत्तीवरून क्लासिकप्रेस नावाची वेगळी चूलच मांडली. बाकीच्यांनी जुना चौकोन परत आणणारं क्लासिक एडिटर हे प्लगइन बसवलं. वर्डप्रेसच्याच मंडळींनी ते दिलं. २०२१ अखेरपर्यंत सांभाळू म्हणाले होते, पुढे मुदत वाढवली. पन्नास लाखांहून अधिक साइटवर ते चालू आहे. ज्याला जुनं म्हणून निरोप दिला, त्याला एवढी माणसं धरून बसतात, यात निव्वळ बदलाची भीती आहे असं मला वाटत नाही.

सरांनाही नव्यातलं सगळंच नको असतं. ६.३मध्ये तळटीपांचा ब्लॉक आला. तोवर टीपांचे आकडे हाताने वर चढवावे लागत, आणि मधे एखादी टीप वाढली की खालचे सगळे बदलावे लागत. सरांच्या इतिहासलेखांना टीपा लेखाहून मोठ्या. तो ब्लॉक पाहून ते पहिल्यांदा म्हणाले, “हं, हे कुणीतरी लिहिणाऱ्याला विचारून केलंय.”

आता आमच्या साइटवर दोन्ही एडिटर आहेत. ज्याने त्याने आपला निवडायचा, अशी त्या क्लासिक एडिटर प्लगइनमध्ये सोय आहे. मजकूर आधी वर्ड फाइलमध्ये येतो, सर तो तिथेच तपासतात, मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच मी तो साइटवर चढवते. मुखपृष्ठ आणि मावशींचं पान ब्लॉकमध्ये. मावशींना ब्लॉक आवडतात. साहित्य एका रकान्यात, फोटो दुसऱ्यात, हे त्या माझ्याहून झरझर करतात. फक्त जुन्या चौकोनातला लेख कुणी ब्लॉक एडिटरमध्ये उघडला, की ‘ब्लॉकमध्ये रूपांतर करा’ असं बटण दिसतं. ते कुणीही दाबायचं नाही, असं मी व्हॉट्सॲप गटावर टाकलं. त्याखाली सरांनी लगेच विचारलं, मग ते बटण ठेवलंय कशाला? कथालेखिकांनी हसरा चेहरा टाकला, आणि मावशींनी कळवलं की सांडग्यांच्या लेखात ते त्यांनी कालच दाबलं, काही झालं नाही.