दुसरी प्रत

एक गेले तर दुसरे हाताशी असावे, ही वृत्ती मध्यमवर्गीय माणसाच्या हाडीमाशी खिळलेली असते. घराच्या किल्ल्यांचे जुडगे दोन, चष्मे दोन, आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स किती याची तर गणतीच नाही. माझ्यापाशी मोल्सवर्थच्या कोशाच्याही दोन प्रती आहेत; एक घरी, एक महाविद्यालयात. विकत घेतल्या तेव्हा त्या जुळ्या बहिणींसारख्या होत्या. आज घरच्या प्रतीच्या समासात माझ्या वीस वर्षांच्या नोंदी आहेत आणि महाविद्यालयातली प्रत कोरी आहे. दोन्हींची पाठपाने एकच शीर्षक दाखवितात. परंतु कोणी "एक देऊन टाका" म्हटले, तर कोणती द्यावयाची याविषयी मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. वापरलेली प्रत ही मग नुसती प्रत राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

हे साधे तत्त्व गेल्या सुट्टीत मला कुळगावला पुन्हा भेटले, आणि तेही अगदी अनपेक्षित वेषात. माझी धाकटी बहीण तेथे राहते. तिचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहेत. त्यांच्या संगणकात दोन ड्राइव्ह. 'सी' नावाची चपळ पण लहान. 'डी' नावाची नुकतीच आणलेली, चांगली ऐसपैस. सी तुडुंब भरली, महाविद्यालयाचा प्रकल्प-अहवाल ठेवावयासही जागा उरली नाही, म्हणून स्वारीने आपला आवडता खेळ डी वर बसविला. साठेक गिगाबाइटांचे हे बिऱ्हाड नव्या जागेत गेल्यावर जुनी जागा रिकामी होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण सी होती तशीच भरलेली! दोन्हीकडे त्याच नावाचे फोल्डर आणि आत त्याच नावांच्या फाइली.

"मामा, दोन्ही सारखेच आहेत. सीवरचे उडवून टाकतो," असे म्हणून त्याने माउसकडे हात नेला.

"दादा, खेळच तो! त्यासाठी कसली एवढी मसलत?" स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली.

पण तो नुसता खेळ नव्हता. त्यात एक नगर होते. थोरला भाऊ नोकरीसाठी परदेशी जाण्यापूर्वी दोघा भावांनी चार वर्षे रात्री जागून ते वसविले होते. रस्ते एकाने आखलेले, पूल दुसऱ्याने बांधलेले. मी विचारले, "अरे, सारखे आहेत हे तू नावांवरून म्हणतोस, की आत पाहून?" त्याचा हात थांबला. पोथ्यांच्या अभ्यासात आयुष्य काढणाऱ्याला हा प्रश्न सवयीनेच सुचतो. संगणकाचे ज्ञान त्याला लागत नाही.

मग आम्ही दोघे तपासास बसलो. तो यंत्राची बाजू सांगे, मी शंका काढी. एकाच खेळाच्या फाइली दोन ठिकाणी दिसण्याची कारणे चार निघाली, आणि चारही वेगवेगळ्या स्वभावांची.

पहिले कारण सर्वांत साधे. खेळ पुरविणारे प्रोग्राम प्रत्येक खेळ कोठे बसविला आहे याची नोंद ठेवतात. "यापुढे डी वर बसव" असे सांगितले, तर ती आज्ञा पुढच्यापुरती असते. आधीचे बिऱ्हाड आपोआप हलत नाही. ते हलवावयाचे तर त्याच प्रोग्रामातील 'हलवा' या सोयीने हलवावे लागते. तसे न करता नव्या जागी पुन्हा बसविले, की जुने तेथेच राहते आणि नोंदवहीला मात्र त्याचा विसर पडतो. दुसरे कारण तात्पुरते असते. कित्येक खेळ आपले गाठोडे प्रथम सी वरच्या तात्पुरत्या फोल्डरात सोडतात आणि मग सामान डी वर लावतात. काम अर्धवट तुटले तर गाठोडे तसेच पडून राहते. ही खरी अडगळ. तिसरे कारण म्हणजे खेळाडूने स्वतः निर्माण केलेल्या नोंदी. खेळ कोठेही बसवा, ह्या नोंदी बहुधा वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, म्हणजे सी वरच, राहतात. आणि काही खेळ त्या स्वतःच्याच फोल्डराच्या पोटात ठेवतात. ह्यांना दुसरी प्रत म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. त्या एकुलत्या एक असतात.

चौथे कारण फसवे आहे. एकाच फोल्डराला दुसऱ्या पत्त्याची पाटी लावता येते. विंडोजमध्ये हिला 'जंक्शन' म्हणतात. कल्याण जंक्शन ओलांडून रोज घरी जाणाऱ्यांना निदान हा शब्द तरी परका वाटू नये. वस्तू एकच, पत्ते दोन. सीवरच्या पत्त्याने आत शिरून फाइली पुसल्या, तर डीवरच्याही गेल्या, कारण त्या वेगळ्या नव्हत्याच! कुळगावकरांना हे मी काय समजावून सांगणार? तिकीट काढावयाचे बदलापूरचे, पूर्वेला उतरून घर गाठावयाचे कुळगावचे, आणि नगरपरिषदेच्या पाटीवर तर 'कुळगाव-बदलापूर' अशी दोन्ही नावे. परक्या माणसाने नकाशावर ही दोन नावे पाहून "एक जादा दिसते" म्हणून खोडले, तर गावातल्या अर्ध्या लोकांचा पत्ता हरवेल.

चारांपैकी आमचे कारण कोणते, हे पुसून पाहण्यात अर्थ नव्हता. पुसल्यानंतरचे ज्ञान निरुपयोगी. म्हणून भाच्याने एक सुरेख युक्ती केली. सीवरचे फोल्डर न पुसता त्याचे केवळ नाव बदलले. शेवटी 'जुने' हा शब्द जोडला. मग खेळ सुरू केला. खेळ बिनतक्रार सुरू झाला. म्हणजे चालती प्रत डीवरची होती. पण पडद्यावर नगर नव्हते. होते ते मोकळे माळरान, पहिल्या दिवशी असते तसे. मुलाचा चेहरा उतरला. बहीणही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि "खेळच तो" हे वाक्य तिने पुन्हा उच्चारले नाही.

'जुने' फोल्डर उघडले, त्यातले नोंदींचे लहानसे फोल्डर सापडले, आणि त्याची नक्कल डीवर योग्य जागी नेऊन ठेविली. ते सारे नगर काही मेगाबाइटांत मावले होते! खेळ पुन्हा सुरू करताच रस्ते, पूल, दिवे, सारे जागच्या जागी उभे राहिले. साठ गिगाबाइटांचा जो भाग बाजारात हजारो लोकांजवळ आहे, तो केव्हाही पुन्हा मिळाला असता. जो जगात दुसऱ्या कोणाजवळ नव्हता, तो एका चिमटीएवढा होता. आकारावरून मोल ठरविणाऱ्याने नेमका तोच गमावला असता. सीवरचे जुने बिऱ्हाड आम्ही त्यानंतर निश्चिंतपणे पुसले आणि अहवालाला जागा झाली.

पुसण्याआधी बाजूला ठेवणे, ही रीत संगणकाहून फार जुनी आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच संकटामुळे. प्रती पुष्कळ, पण हातोहात उतरताना त्यांच्यात भेद शिरलेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली, आणि 1966 मध्ये ते पुरे झाले. देशभरच्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरविताना संपादकांनी पुष्कळ श्लोक संहितेबाहेर काढले. परंतु फेकले मात्र नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेविले. भाच्याचे 'जुने' हे फोल्डर त्या परिशिष्टांचेच धाकटे भावंड होय, असे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला. पण मी थट्टा करीत नव्हतो.

अर्थात प्रत्येक दुसरी प्रत पूज्य असते, असेही नव्हे. 'हेलडायव्हर्स 2' नावाच्या खेळाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये वाचणारा काटा जागोजाग फिरवावा लागतो. ते फिरणे वाचावे म्हणून त्याच्या कर्त्यांनी एकच सामान मुद्दाम अनेक ठिकाणी ठेविले होते, जसे गृहिणी मीठ ओट्यावरही ठेवते आणि जेवणाच्या टेबलावरही. पण 2025 च्या अखेरीस त्यांनी मोजमाप करून पाहिले, तेव्हा या सोयीने फारसा वेळ वाचत नाही असे आढळले. दुबार सामान काढताच सुमारे 154 गिगाबाइटांचा तो खेळ सुमारे 23 गिगाबाइटांत बसला! येथेही पुसणे बरोबर ठरले. पण ते मोजल्यानंतरचे पुसणे होते.

निघताना मी भाच्याला एकच गोष्ट सुचविली. त्या नगराची आणखी एक नक्कल घराबाहेर, भावाकडे पाठवून ठेव. सी आणि डी ह्या एकाच पेटीत नांदतात. पेटी गेली तर दोन्ही जातात. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदी बदलापूरच्या पश्चिम भागातील घरांत शिरली, तेव्हा माझ्या एका स्नेह्याची कागदपत्रे आणि त्यांच्या नकला एकाच कपाटात होत्या. दोन्ही एकाच पाण्यात भिजल्या. एका छपराखालच्या दोन प्रती म्हणजे खऱ्या अर्थाने एकच प्रत.

दोन दिवसांनी थोरल्याचा परदेशातून निरोप आला. फाइल पोहोचली होती, उघडली होती, आणि त्याने नदीकाठी एक नवा पूल बांधावयास घेतला होता. म्हणजे आता दोन नगरे झाली, आणि ती पुन्हा कधी सारखी असणार नाहीत.