घड्याळावरची लघवी

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला कायमची नळीच बरी, असं माझं ठाम मत होतं. विहिरीच्या कामावर मणका मोडल्यापासून मूत्राशयात नळी आणि चाकाच्या खुर्चीला पिशवी, असंच चाललं होतं. मधूनच नळी गाळाने तुंबायची, हुडहुडी भरून ताप यायचा, इंजेक्शनं व्हायची. ते सगळं मी मणक्याच्या दुखण्यातच धरत होतो.

दिवसातून चार-सहा वेळा स्वतः नळी घालून लघवी काढायला शिका, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी साफ नकार दिला. आमचं लिंबागणेश बालाघाटातलं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव. दवाखान्यात हातमोजे असतात. इथे धूळ आणि जेमतेम हंडाभर पाणी. इतक्यांदा नळी घालायची म्हणजे इतक्यांदा जंतूंना दार उघडून द्यायचं. शिवाय आपल्याच हाताने हे करायचं, या विचारानेच अंगावर काटा यायचा.

मत फिरलं ते आजार नेमका कुठून येतो हे कळल्यावर. इंग्लंडात मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे नळीने लघवी काढायचं काम निर्जंतुक पद्धतीने, दवाखान्यातली माणसं करत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली वेगळंच मांडलं. मूत्राशय तुडुंब भरून ताणलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना तिथेच फावतं. म्हणून वेळेवर रिकामं करणं महत्त्वाचं. त्यासाठी साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. हे वाचलं आणि माझा सगळा युक्तिवाद ढासळला. साबण आणि दोन तांबे पाणी टंचाईतही घरात असतंच.

मग रीतसर शिकलो. लघवीची जाणीव मला होत नाही, म्हणून घड्याळ बघून काढायची. एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडायचं नाही, त्याने तर उलट धोका वाढतो. ज्यांचा मणका छातीच्या वरच्या भागात मोडलाय त्यांनी फार जपावं: मूत्राशय भरलं की रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, दरदरून घाम सुटतो. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांचा मार्ग वेगळा, तो डॉक्टरांनीच ठरवावा. मूत्रपिंडाची तपासणी मात्र कुणीही चुकवू नये.

ताप पूर्वीसारखा येत नाही. बायको आता खुरपणीला गेली की संध्याकाळीच परतते. दुपारी माझ्यासाठी धावत येत नाही. यापेक्षा मोठा फायदा मला तरी सांगता येणार नाही.

आणि म्हणूनच गावोगावच्या आरोग्य केंद्रांत ही नळी मिळावी, ती कशी वापरायची हे तिथेच शिकवलं जावं, असं मला कळकळीने वाटतं. संकष्टीला मी गावातल्या भालचंद्र गणपतीच्या देवळात जातो, पिशवीशिवाय, चार माणसांत बसतो. पण वेळ भरत आली की घरी परतावं लागतं. खुर्ची आत जाईल असं रुंद दाराचं, कडी लागणारं एक स्वच्छतागृह गावात असलं, तर आरतीपर्यंत थांबता येईल.