आकडा येतो, रंग मागे राहतो

स्प्रेडशीटमधल्या सेलला दोन अंगे असतात. एक त्यातली किंमत, म्हणजे आकडा, तारीख किंवा मजकूर. दुसरे त्याचे रूप, म्हणजे अक्षराची जाडी, रंग, कडेच्या रेघा आणि आकडा कसा दिसावा याचा नमुना. एका शीटवरचा सेल फॉर्म्युल्याने दुसऱ्या शीटला जोडला की किंमत पुढे जाते, रूप जागच्या जागी राहते. हिशेबाच्या टेबलावर उमर घालवणाऱ्याची या गोष्टीशी नोकरीच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ पडते.

वह्यांच्या काळात रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत हातानेच उतरवली जाई. कीर्दीतली लाल नोंद खतावणीतही लाल हवी असली, तर हिशेबनीस पेन बदली. काम दुप्पट होते, पण आकडा आणि त्याची खूण एकाच नजरेखालून जात. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आले आणि उतरवण्याचे हे काम फॉर्म्युल्याकडे गेले. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल निघाले. पुढे फॉन्ट आणि रंगांची रेलचेल झाली, तरी फॉर्म्युला पलीकडच्या सेलला ‘किंमत काय?’ एवढेच विचारत राहिला.

नवशिक्याला हा फरक प्रथम तारखेत दिसतो. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवते. १ जानेवारी १९०० हा या मोजणीचा पहिला दिवस, आणि १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. जोडलेल्या सेलला आकड्याचा नमुना दिलेला असेल, तर नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस ४५३८३ असा दिसतो. मूळ सेल रिकामा असेल तर जोडलेल्या सेलमध्ये शून्य येते आणि त्याला तारखेचा नमुना असेल तर ००-०१-१९०० ही कुठल्याच पंचांगात नसलेली तारीख उमटते. ‘दिनांक’ या शब्दाला तारखेचा सेल जोडून वाक्य केले, तरी क्रमांकच बाहेर पडतो. तिथे टेक्स्ट हे फंक्शन वापरून नमुना फॉर्म्युल्यातच सांगावा लागतो. कोऱ्या सेलमध्ये फॉर्म्युला लिहिताना एक्सेल बहुधा मूळचा आकडी नमुना आपण होऊन उचलते, पण तेवढ्या वेळेपुरताच. मूळ सेलचे रूप नंतर बदलले, तर जोडलेल्या सेलला त्याचा पत्ता लागत नाही. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचेही तसेच. एका शीटवर १२,३४,५६७ दिसणारी रक्कम वेगळा नमुना असलेल्या शीटवर १,२३४,५६७ होते.

रूप सोबत नेण्याचे मार्ग आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा आहे. पेस्ट स्पेशलमधला फॉरमॅट्स हा पर्याय किंवा फॉरमॅट पेंटर रूप उचलतो, पण एकदाच. अनेक शीट एकत्र निवडून रंग दिला तर तो सगळीकडे एकाच जागी बसतो. लिंक केलेले चित्र मूळ भागाचे रूप जसेच्या तसे दाखवते आणि बदलही टिपते. मात्र ते चित्रच असल्यामुळे त्यातल्या आकड्यांवर पुढे बेरीज करता येत नाही. लिबर ऑफिसमध्ये स्टाइल हे फंक्शन फॉर्म्युल्यातूनच सेलला ठरलेली शैली देते. मॅक्रोने रूपाची नक्कल करता येते. पण नुसता रंग बदलला तर एक्सेल तो शीटमधला बदल धरत नाही, त्यामुळे मॅक्रो आपण होऊन चालत नाही. गूगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंजने आणलेल्या तक्त्यासोबतही फक्त किमती येतात.

सर्वांत टिकाऊ मार्ग कंडिशनल फॉरमॅटिंगचा. त्यात रंग हाताने न देता नियमाने दिला जातो. ‘थकबाकी’ हा शब्द आला की ओळ तांबडी, असा नियम दोन्ही शीटवर असला, तर शब्द फॉर्म्युल्याने पोचतो आणि रंग तिथे नव्याने तयार होतो. एक्सेल २०१० पासून या नियमात त्याच फाइलमधल्या दुसऱ्या शीटवरच्या सेलचा थेट उल्लेखही करता येतो.

याचे मोल निवृत्तीच्या सुमारास, टेबल दुसऱ्याच्या हाती देताना कळते. पिवळे म्हणजे पावती यायची आहे, हिरवे म्हणजे बँकेशी ताळा झाला, हे वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या डोक्यात असते. नव्या माणसाला फाइल मिळते, रंगही दिसतात, पण अर्थ लागत नाही; आणि वरिष्ठांकडे जाणाऱ्या गोषवाऱ्यात तर रंगही पोचलेले नसतात. हिशेब हा पुढच्या माणसासाठी लिहायचा असतो. म्हणून रंगाने जे सांगायचे, ते आधी शेजारच्या सेलमध्ये शब्दांत लिहावे: ‘पावती बाकी’, ‘ताळा झाला’. मग रंग नियमाला लावून द्यावा. लिहिलेला शब्द फॉर्म्युल्यातून, फाइलमधून आणि एका हिशेबनिसाकडून दुसऱ्याकडे बिनचूक जातो.