कांदा, साबण आणि न दिलेलं उत्तर



कांद्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वर्गात केला असेल. कांदा बारीक करायचा, त्यात मीठ-पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालायचं, गाळून घ्यायचं आणि वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडायचं. थोड्या वेळात पांढरे तंतू वर येतात आणि वर्गात हमखास गलका होतो.

असाच गलका चालू असताना नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, साबणानं पेशीचं आवरण फोडलं ना? मग तो डीएनएला का नाही चिकटला?" तास संपत आला होता. मी म्हटलं, "ते आपल्याला अभ्यासाला नाहीये, बस खाली." ती बसली. त्यानंतर वर्षभर तिचा हात वर झालेला मला आठवत नाही. खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या प्रश्नामागे लागले. उत्तर तसं सोपं निघालं. डीएनएच्या शिडीच्या दोन्ही बाजू फॉस्फेटच्या असतात. म्हणजे दर पायरीमागे दोन ऋण प्रभार. भांड्यांच्या लिक्विडमधले मुख्य रेणूही सहसा ऋण प्रभाराचेच. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, हे तर आपण आठवीपासून शिकवतो! म्हणून साबण आवरण फोडतो, पण डीएनएला धरत नाही.

पण साबणाच्या जातीचे काही रेणू धन प्रभाराचेही असतात. केसांच्या कंडिशनरमध्ये ते असतात आणि काही अँटिसेप्टिक औषधांतलं सेट्रिमाइड हेही त्यातलंच. हे रेणू डीएनएला घट्ट धरतात. अशा रेणूंना सर्फॅक्टंट म्हणतात. त्यांचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपूट पाण्यापासून पळतं. शेपट्या आत लपवता लपवता त्यांचा दुहेरी पडदा तयार होतो आणि तो मिटून चिमुकली पोकळ पिशवी बनते. हीच व्हेसिकल. धन आणि ऋण सर्फॅक्टंट योग्य प्रमाणात पाण्यात मिसळले तर अशा पिशव्या आपोआप तयार होतात, हे एरिक केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. धन रेणू जास्त घातले की पिशवीचा पृष्ठभाग धन होतो आणि डीएनएचा लांबलचक धागा तिला जाऊन बिलगतो. त्याच्याभोवती घुटमळणारे सोडियमसारखे आयन पाण्यात मोकळे होतात, त्यामुळे ही पकड आणखी पक्की होते.

शाळा उघडली. ती मुलगी आता दहावीत. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि आधी सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, मी चुकले." मग फळ्यावर चित्र काढून सगळं समजावलं. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण बाई, इतकं घट्ट चिकटलं तर सुटणार कसं?"

या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं.

परीक्षानळीत डीएनए सोडवायचा असेल तर ऋण सर्फॅक्टंट वाढवायचा. धन रेणू त्याच्याशी जोडी जमवतात आणि डीएनए मोकळा होतो. साबणाच्या पाण्यात सेट्रिमाइडचं औषध निकामी होतं, तेही याच जोडीमुळे.

हे सगळं कशासाठी? पेशीत नवं जनुक पोचवण्यासाठी. डीएनए ऋण, पेशीचा पृष्ठभागही ऋण. नुसता डीएनए आत शिरत नाही. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धन प्रभाराच्या स्निग्ध रेणूंच्या मदतीनं तो आत नेला. आत गेल्यावर पेशीच्याच पडद्यातले ऋण स्निग्ध रेणू त्या धन रेणूंना आपल्याकडे ओढतात आणि डीएनए सुटतो. तरी बराचसा माल आतच अडकून नष्ट होतो. शिवाय धन रेणू फार झाले तर पेशीलाच इजा होते. म्हणून कोविडच्या एमआरएनए लसींमध्ये आम्लात धन होणारे, पण रक्तात जवळजवळ उदासीन राहणारे स्निग्ध रेणू वापरले. धरणं सोपं असतं. खरं कौशल्य योग्य जागी सोडण्यात आहे.

मुलीचा दुसरा प्रश्न नेमका तिथंच पोचला होता, आणि तिला ना हे अभ्यासाला होतं ना परीक्षेला.

तुमच्या वर्गात किंवा घरी असा प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर "मलाही माहीत नाही, शोधू या," एवढं म्हणा. मला हे वाक्य सुचायला एक वर्ष लागलं. ते वर्ष त्या मुलीचं होतं.