६४ बाइटांचे वाटणीपत्र

पार्टिशन म्हटले की मराठी माणसाच्या जिभेवर दोन शब्द येतात, आणि दोन्हींना सुखाची चव नाही. देशाची होते ती फाळणी, घराची होते ती वाटणी. विभाजन हा तिसरा शब्द कोशात आहे, तो सोज्वळही आहे; पण विभाजन करताना कोणी कोणाशी बोलणे टाकल्याचे ऐकिवात नाही. म्हणून आम्ही २०१३ साली आमच्या नव्या बाह्य हार्ड डिस्कचे जे केले त्याला वाटणीच म्हणू. घराची वाटणी त्याआधी वर्षभर झालेली होती, त्यामुळे हाताला सवयही होती.

डिस्क एक टेराबाइटची होती. संगणकाने ती जोडताच ९३१ गिगाबाइट दाखवले, आणि पहिला संशय दुकानदाराचा आला. तो अन्याय होता. कारखानदार टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये असे दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज तीच जागा १०२४च्या पटीत मोजते. वस्तू तीच, मापे दोन. जमिनीच्या मोजणीत गुंठा आणि चौरस फूट यांच्यात फसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

वाटणीची गरज खरी होती, हे आधीच नोंदवून ठेवतो. बॅकअप घेणारे कार्यक्रम स्वभावाने हावरट असतात. ते फायलींच्या जुन्या आवृत्त्या साठवत जातात, जागा संपेपर्यंत साठवतात, आणि संपली की सर्वांत जुने पुसून नव्याला जागा करतात. ॲपलने २००७ साली आणलेली टाइम मशीनही याच वृत्तीची आहे. अशा कार्यक्रमाला संपूर्ण डिस्क आंदण दिली तर दुसरे काही ठेवायला जागा उरणार नाही, म्हणून त्याला कुंपण घालणे शहाणपणाचे. आम्ही डिस्क मॅनेजमेंट उघडून दोन समान भाग पाडले, प्रत्येकी ४६५ गिगाबाइटच्या आसपास. पहिल्याला 'प्रत' असे नाव दिले, दुसऱ्याला 'कोठार'. पहिल्यात संगणकाचा बॅकअप, दुसऱ्यात संगणकावर न मावणारे सर्व काही. सारे काम दहा मिनिटांत झाले. घराला तीन वर्षे लागली होती.

ही वाटणी डिस्कवर नेमकी कोठे लिहिलेली असते, याचे कुतूहल आम्हांस पुढे वाटले. (वेळेवर वाटले असते तर हा लेख झाला नसता.) आमच्या डिस्कवर १९८३ सालच्या डॉस २.० पासून चालत आलेली पद्धत होती. तीत अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या कप्प्यात एक कोष्टक असते. त्यात चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, एकूण ६४. अमुक भाग येथे सुरू होतो, इतका लांब आहे, अमुक प्रकारचा आहे, बस्स. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे एका टेराबाइटच्या वाटणीचा सगळा दस्तऐवज जेवढ्या जागेत बसतो, तेवढ्यात मराठीची जेमतेम २१ चिन्हे लिहिता येतात. आमच्या घराचे वाटणीपत्र अकरा पानांचे होते.

आणि भिंत? भिंत नसतेच. चकतीवर कोठेही रेघ ओढलेली नसते, धातूला कळतही नाही की येथून पुढे दुसऱ्याचे. चकत्या एकाच आसावर फिरतात, आणि त्यांवरून वाचन-लेखन करणारी सगळी मुखे एकाच दांड्याला जोडलेली असल्यामुळे एकदमच हलतात. 'प्रत' आणि 'कोठार' यांत आत-बाहेरचा काय तो फरक. संगणक मात्र दोन निरनिराळ्या अक्षरांचे ड्राइव्ह दाखवतो, दोघांची नावे वेगळी, दोघांची उरलेली जागा वेगळी. पाहणाऱ्याला वाटते की आपल्याकडे दोन डिस्क आहेत. आम्हांस सहा वर्षे तसे वाटत होते.

आमच्या गावच्या घरातही असाच काहीसा प्रकार आहे. आई २०११ साली गेली, आणि पुढल्या वर्षी, दीर्घ बोलाचालीनंतर, माजघराच्या मध्यावर नऊ इंची भिंत उभी राहिली. पूर्वेकडचे दादाचे, पश्चिमेकडचे आमचे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या उताऱ्यावर दोन नावे लागली. पण वरची तुळई अखंड आहे. ती कापणे कोणालाच शक्य नव्हते. पाऊस दादाच्या कौलांतून शिरतो आणि ओल आमच्या भिंतीवर उतरते.

वाटणीत भांडी आली, देव आले, तांब्याचा बंब आला. कॅसेटी आल्या नाहीत, कारण त्यांची किंमत कोणी धरली नाही. दादाला १९८६ साली साखर कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्याने टेपरेकॉर्डर आणला होता. गावात गिरणी होतीच, पण डाळी भरडायला आणि मेतकुटाला जाते अजून वापरात होते. त्यावर आई आणि आत्या बसल्या की दादा शेजारी टेप लावून ठेवी. दोन हिवाळ्यांत साठ मिनिटांच्या २३ कॅसेटी भरल्या. पंढरीच्या ओव्या, सासरमाहेरच्या, आणि सर्वांत जास्त भावाच्या. बहिणीने भावाची वाट पाहावी, त्याच्या बैलांचे, त्याच्या मुंडाशाचे कौतुक करावे. महाराष्ट्रातील जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पाने गोळा केल्या हे आम्हांस माहीत आहे. आमच्या आईच्या ओव्या त्यांत नाहीत. त्या फक्त या २३ कॅसेटींत होत्या.

भिंत होण्याच्या सुमारास आम्ही त्या कॅसेटी दादाकडून मागून घेतल्या, पुण्यास आणल्या आणि एकेक वाजवून संगणकावर उतरवल्या. सीडीच्या दर्जाने, न दाबता साठवलेल्या ध्वनीला तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. २३ कॅसेटींचे मिळून १५ गिगाबाइटही झाले नाहीत. काम संपल्यावर कॅसेटींची पेटी दादास परत केली. ध्वनिफिती मात्र दिल्या नाहीत. तेव्हा बोलणे कामापुरते होते. त्याने मागितल्या नाहीत, आणि मागितल्याशिवाय द्याव्यात असे आम्हांस वाटले नाही. १६ गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हवर सगळे मावले असते. आता ही गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण लिहिण्यासारखी गोष्ट तीच आहे.

पुढचे पुष्कळांच्या घरी घडते तसेच घडले. संगणक भरत आला, तशी आम्ही २०१६ साली ध्वनिफितींची घडी कोठारात नेऊन ठेवली आणि संगणकावरून पुसली. मन निश्चिंत होते, कारण ती वस्तू घरात 'बॅकअपची डिस्क' म्हणूनच ओळखली जाई. या नावाने आमचा घात केला. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली नाहीशी करून जी उरते ती दुसरी नव्हे, ती एकुलती एक. बॅकअपचा कार्यक्रम रोज रात्री इमानेइतबारे आमची विजेची बिले, प्रवासाची तिकिटे आणि अर्धवट लेखांचे खर्डे 'प्रत'मध्ये उतरवत होता. कोठार हे त्याच्या कक्षेबाहेरचे होते. ओव्यांची एखादी जुनी आवृत्ती 'प्रत'च्या तळाशी राहिली असेलही. पण तीही त्याच चकत्यांवर.

मध्यंतरी कोठार भरले आणि 'प्रत'मध्ये निम्मी जागा मोकळी. आम्ही 'प्रत' आक्रसून पाहिली. ती आक्रसली, मोकळी जागा दोन भागांच्या मध्ये आली, कोठाराला अगदी लागून. तरी कोठार तिच्यात पसरेना. विंडोजच्या त्या साधनाने भाग आपल्या शेवटाकडे वाढवता येतो, आरंभाकडे नाही. त्यासाठी आतले सारे सामान उचलून मागे सरकवावे लागते. पलीकडे जागा रिकामी, मध्ये भिंतही नाही, आणि घेता येत नाही. आम्ही तेव्हा चरफडलो होतो. माजघराचा विचार मनात आला नव्हता.

२०१९च्या पावसाळ्यात एके सकाळी डिस्क जोडली, तर आतून घड्याळासारखी टकटक ऐकू आली. दोन्ही ड्राइव्ह दिसले, क्षणभराने दोन्ही नाहीसे झाले. एक गेला आणि एक राहिला असे होत नाही, हे आम्हांस त्या क्षणी कळले. सहा वर्षे कोष्टकाकडे पाहून कळले नव्हते. वाचणारे मुख चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ते टेकले की खरवडते. पुण्यातील एका कार्यशाळेत डिस्क उघडून पाहिली गेली. तेथील तरुणाने चकतीवरचे वलय दाखवले आणि विचारले, "यात महत्त्वाचं काय होतं?" बॅकअप, असे उत्तर तोंडावर आले होते. बॅकअपचे काहीच बिघडले नव्हते. बिले, तिकिटे, खर्डे सगळे संगणकावर जागच्या जागी होते. ज्याच्या दोन प्रती होत्या त्याची एक उरली. ज्याची एकच होती त्याची एकही नाही.

बॅकअपविषयी ३-२-१ असा नियम सांगतात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला. प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. शेवटचा एक सर्वांत अवघड, कारण दुसरी जागा म्हणजे बहुधा दुसरा माणूस. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आठवणारी डोकी निरनिराळ्या धडांवर होती, म्हणून निरनिराळे पाठ झाले. अभ्यासकांना त्याचा त्रास होतो, पण ग्रंथ आहे.

आमचा दुसरा माणूस नऊ इंचांपलीकडे होता.

गणपतीत गावी गेलो. दादाला सांगणे सोपे नव्हते, आणि आम्ही ते वहिनींच्या समोर सांगितले, म्हणजे त्याला ओरडता येऊ नये. तो ओरडला नाही. "म्हणजे तुझ्याकडे होत्या इतकी वर्षं," एवढेच म्हणाला. थोड्या वेळाने माळ्यावरून पेटी काढून आणली. टेपरेकॉर्डरही होता, त्याचा रबरी पट्टा विरघळून काळी चिकट खळ झाली होती. साताऱ्यात नवा पट्टा बसवून मिळाला. २३पैकी १६ कॅसेटी वाजल्या. तिघींची फीत तुटलेली होती, ती जोडल्यावर थोडा भाग हाती लागला. चारांवर बुरशी होती.

या खेपेस उतरवताना एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या वेळी आम्ही मोठ्या चोखंदळपणे ओव्यांच्या मधले बोलणे, खोकला, दाराची करकर कापून टाकली होती. ओव्या तेवढ्या शुद्ध ठेवायच्या म्हणून. आता दादा शेजारी बसला होता, आणि त्याने कापू दिले नाही. आई मध्येच आत्याला डाळ किती उरली ते विचारते. एका ठिकाणी एक लहान मूल माइकजवळ येऊन काहीतरी बडबडते, आणि तरुण दादाचा आवाज दबक्या स्वरात म्हणतो, "बाजूला हो रे, तुझाच आवाज यायला लागलाय." ते मूल आम्ही. जी ध्वनिफीत नष्ट झाली तीत हे नव्हते.

आता डिस्क दोन आहेत, दोन-दोन टेराबाइटच्या. वाटणी अजूनही करतो. बॅकअपच्या हावरटपणाला कुंपण लागतेच, आणि त्यात काही चूक नाही. फक्त दोन्ही डिस्कवर कोठार सारखेच आहे. कोष्टक नव्या पद्धतीचे, जीपीटी नावाचे. त्यात १२८ नोंदींची सोय असते, आणि ते स्वतःची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी दुसऱ्या टोकाला ठेवते. कोष्टकालाही ही अक्कल आहे, हे पाहून आम्ही किंचित ओशाळलो. अर्थात डिस्क पडली तर दोन्ही टोके एकदमच पडतात.

एक डिस्क पुण्यास असते, दुसरी दादाच्या कपाटात, वहिनींच्या शालूखाली. दसऱ्याला अदलाबदल होते. दादा ती हातात घेऊन हलवून पाहतो, टकटक येते का म्हणून. असे हलवू नये हे त्याला दर वर्षी सांगावे लागते. बुरशीच्या चार कॅसेटी अजून पेटीत आहेत. त्या फेकू नका, असे त्याने पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवले आहे.